लिहिण्याची ओढ श्रद्धेच्या आधाराने कशी टिकवावी: नव्याने लिहू लागलेल्यांसाठी

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत लिहिणाऱ्यांची वाण नाही. नाताळच्या नाटकाचे संवाद कुणीतरी लिहितंच, युवक संघाच्या सहलीवर कुणीतरी कविता करतंच, आणि वाढदिवसाला चार ओळी जुळवून देणारी एखादी मावशी प्रत्येक धर्मग्रामात सापडते. वाण आहे ती तिसऱ्या-चौथ्या वर्षीही लिहीत राहणाऱ्यांची. सुरुवातीला जोर असतो. मग कामाची पाळी बदलते, मुलांच्या परीक्षा येतात, पाठवलेली कविता परत येते किंवा तिचं काय झालं हे कधी कळतच नाही, आणि वही कपाटात जाते.

अशा वेळी आपण ख्रिस्ती माणसं एक ठरलेली गोष्ट करतो. "प्रभू, प्रेरणा दे" अशी प्रार्थना करतो आणि वाट पाहत बसतो. प्रार्थनेला माझी हरकत नाही, वाट पाहत बसण्याला आहे. श्रद्धेकडे मागण्यासारख्या याहून उपयोगी गोष्टी आहेत: ठरलेली वेळ, हक्काची विश्रांती, खरं बोलणारं एखादं माणूस, आणि काम अपुरं राहिलं तरी ते वाया जात नाही हा दिलासा. एवढं हाताशी असलं की ओढ कमी-जास्त झाली तरी हात चालू राहतो. पुढे जे सांगतो आहे ते लेखनापुरतं आहे, कारण मला त्यातलंच कळतं. चित्रं काढणाऱ्यांनी आणि ऑर्गन शिकणाऱ्यांनी आपापल्या सोयीने बदल करून घ्यावेत.

पहिली पायरी: ओढ कसली आहे ते तपासा

नवी वही घ्या आणि पहिल्या पानावर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा. माझं नाव न घालता हे छापलं, तरी मी लिहीन का?

उत्तर "नाही" आलं तर वही मिटू नका. नावाची हौस सगळ्यांनाच असते, आणि शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तिची दखलही आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात त्याचा लेखनिक बारूख याच्यासाठी एक अख्खा अध्याय आहे, पंचेचाळिसावा, अवघ्या पाच वचनांचा. कण्हून कण्हून थकलो, विसावा नाही, अशी त्याची तक्रार. त्यावर देवाकडून उत्तर मिळतं की तू स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टी शोधतोस काय? शोधू नकोस. मला यात आवडतं ते हे की बारूखला लेखणी खाली ठेव असं कुणी सांगत नाही. काम तसंच राहतं, अपेक्षा तेवढी उतरवली जाते. तुमच्या उत्तराखाली हा संदर्भ लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारा.

याच पायरीवर एक पथ्य. "देवाने मला लिहायला सांगितलंय" हे वाक्य निदान पहिली काही वर्षं कुणाला ऐकवू नका. ते खोटं असेल असं नाही. पण एकदा बोलून बसलात की कुणी व्याकरणाची चूक दाखवली तरी ती देवाच्या कामात ढवळाढवळ वाटू लागते, आणि ज्या दिवशी लिहून होत नाही त्या दिवशी उगाच पाप केल्यासारखं वाटतं. बोलावणं असेल तर ते तुमच्या टिकून राहण्यातून लोकांना दिसेल.

विषय धार्मिकच हवा, ही अट तर मुळीच घालून घेऊ नका. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात देव नाव घेऊन सांगतो की मी या माणसाला माझ्या आत्म्याने भरलं आहे, आणि तो माणूस असतो बसालेल. सोनं, रुपं, पितळ यांचं काम करणारा, रत्नांना पैलू पाडणारा, लाकूड कोरणारा कारागीर. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग लिहिले तसं फुलांवर आणि मुलांवरही लिहिलं, आणि शाळेच्या पुस्तकांतून बहुतेक मराठी मुलांना ते आधी तसेच भेटले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईच्या पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी लिहीत आणि लढत राहिले. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. तुम्हाला विहिरीवरच्या भांडणाची गोष्ट लिहायची असेल तर तीच लिहा.

दुसरी पायरी: वेळ बांधून घ्या, आणि ती लहान ठेवा

वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. "शनिवारी निवांत बसून लिहीन" असं म्हणणाऱ्यांचे शनिवार लग्नांत, बारशांत आणि बँकेच्या कामांत जातात.

ही वेळ आधीपासून चालू असलेल्या एखाद्या सवयीला जोडा. ज्यांच्या घरी रात्रीची कौटुंबिक प्रार्थना होते त्यांनी आमेन झाल्या झाल्या तिथेच बसून लिहावं. जे पहाटे उठून मनन करतात त्यांनी त्यालाच जोडून. जपमाळेनंतर, सकाळच्या मिस्साहून परतल्यावर, कुठेही. फायदा साधा आहे: त्या वेळी तुम्ही बसता हे घरच्यांना आधीच माहीत असतं आणि मान्य असतं. नव्याने वेळ मागायची तर भांडण होतं, असलेली थोडी लांबवली तर होत नाही.

सुरुवातीची खूण ठरवून टाका. योहान सेबास्टियन बाख लाइपझिगच्या चर्चसाठी दर रविवारी नवं संगीत उभं करत असे, त्या काळात त्याच्या पुष्कळ हस्तलिखितांच्या माथ्यावर "येशू, साहाय्य कर" या अर्थाच्या लॅटिन शब्दांची दोन आद्याक्षरं असत, आणि शेवटी "गौरव एका देवाला" या अर्थाची तीन. दोन अक्षरं, बस्स. नवीन माणसाची चूक इथेच होते की आरंभीची प्रार्थना पंधरा मिनिटं चालते, मग एक गाणं, मग एक अध्याय, आणि लिहायला पाच मिनिटं उरतात. लिहिण्याची भीती प्रार्थनेच्या आड लपते, आणि बाहेरून ती फार भक्तिमान दिसते. एक ओळीची प्रार्थना करा आणि लेखणी टेकवा.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. बायबलचं अ‍ॅप उघडायला म्हणून हातात घेतलेला फोन व्हॉट्सअ‍ॅपवर कधी पोहोचतो ते कळत नाही, आणि मंडळीच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला हमखास काहीतरी चालू असतं. कागदी बायबल बरं.

झोपण्यापूर्वी तीन ओळी: आज काय लिहिलं, कुठे अडलं, कशाबद्दल आभार. येशूसंघीय (जेझुइट) लोक आपला संस्थापक इग्नाशियस लोयोलाच्या शिकवणीप्रमाणे दिवसाची अशी उजळणी करतात, ती आपल्या वहीपुरती उचला. अडलेली जागा लिहून ठेवली की उद्या कुठून सुरू करायचं हा प्रश्न उरत नाही, आणि अर्ध्याहून अधिक टाळाटाळ त्याच प्रश्नापायी होते.

तिसरी पायरी: पहिला महिना सरावाचा

बायबलमधल्या उपदेशक या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात म्हटलंय की जो वारा बघत बसतो तो पेरत नाही आणि जो ढग बघत बसतो तो कापणी करत नाही. कोरडवाहू शेती केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा विषय सुचण्याची वाट न बघता पुढचे सराव करा. क्रम कसाही चालेल.

एखादं स्तोत्र घ्या आणि तुमच्या गावच्या भूगोलात लिहा. तेविसाव्या स्तोत्रातली हिरवी कुरणं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मे महिन्यात कुठे असतील? संथ पाणी कोणत्या बंधाऱ्याचं? उत्तर शोधताना तुम्ही तुमचा परिसर बघायला लागता, आणि लिहिणाऱ्याला तीच सवय लागायला हवी.

येशूचा एक दाखला, म्हणजे त्याने सांगितलेली एखादी बोधकथा, घरच्या बोलीत सांगा. वसईतल्यांनी कादोडीत, जळगाव-धुळ्याकडच्यांनी अहिराणीत, अमरावतीच्यांनी वऱ्हाडीत. उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ चिडून काय बोलला असेल ते प्रमाण भाषेत लिहिलं तर पाठ केल्यासारखं वाटतं, आजीच्या बोलीत लिहिलं तर तो माणूस अंगणात उभा राहतो.

अक्षरांचा सराव मला सगळ्यात जास्त आवडतो. ११९वं स्तोत्र हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांवर रचलेलं आहे. प्रत्येक अक्षराला आठ वचनं, एकूण १७६, आणि त्या आठांतलं प्रत्येक वचन त्याच अक्षराने सुरू होतं. ज्याने ते रचलं तो काही भावनेच्या एका झटक्यात बसून उठला नसणार. तुम्ही क पासून सुरू करा, रोज एक अक्षर, त्या अक्षराने सुरू होणाऱ्या चार ओळी. ङ आणि ञ सोडून द्या; ण आला की काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. भक्तिभाव असो नसो, आज ठ आहे तर ठ लिहायचं.

आणि एक शोधकाम. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी थियफिलला सांगतो की मी सगळ्याचा मुळापासून नीट शोध केला आहे आणि आता ते अनुक्रमाने लिहितो आहे. आपण आपल्या चर्चच्या घंटेबद्दल, जुन्या दफनभूमीबद्दल, पहिल्या पिढीत बाप्तिस्मा घेतलेल्या पणजोबांबद्दल असं काही केलेलं नसतं. म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि लवकर विचारा.

चौथी पायरी: चर्चच्या वर्षाला आपलं लेखन टांगा

बारा महिने एकाच जोमाने कुणीच लिहीत नाही, आणि ख्रिस्ती कालगणनेत तशी अपेक्षाही नाही. तिच्यात तयारीचे दिवस आहेत, सणाचे आहेत आणि बरेचसे साधे आहेत.

मोठं काम उपवासकाळात घ्या. राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून ४० उरतात. म्हणजे आठवड्याला सहा बैठका आणि एक सुट्टी हे वेळापत्रक तयारच आहे. एका बैठकीला दीडशे शब्द धरले तरी सणापर्यंत सहा हजार शब्दांचा मजकूर हाती येतो. एक दीर्घकथा किंवा दोन चांगले लेख त्यात बसतात. लोक या दिवसांत मांस सोडतात, चहा सोडतात. तुम्ही रात्रीची मालिका सोडा, वेळ तिथून काढा.

पुनरुत्थानापासून पन्नासाव्या दिवसापर्यंतचा काळ त्याच मजकुराच्या दुरुस्तीला द्या. नाताळच्या आधीचा आगमनकाळ लहान असतो, साधारण तीन-चार आठवडे, आणि त्यात नाताळची धावपळ. तेव्हा त्यात नवीन काही न घेता फक्त वाचा, किंवा दूरच्या नातेवाइकांना हाताने पत्रं लिहा. पत्र हा लेखनाचा उत्तम सराव आहे आणि वाचणारा नक्की ठरलेला असतो. उरलेल्या साध्या महिन्यांत फक्त सवय मोडू नये एवढंच बघायचं.

ज्या मंडळ्या हे काळ पाळत नाहीत त्यांनी प्रभुभोजनाचा रविवार हिशेबाचा दिवस धरावा. बऱ्याच ठिकाणी तो महिन्यातून एकदा येतो.

रविवारी लिहू नका. हे मी नियम म्हणून सांगतो आहे, सूचना म्हणून नव्हे. सहाव्या दिवशी हात दुखत असतानाही लिहिणारा माणूस रविवारच्या आशेवर लिहितो, आणि सोमवारी मुकाट्याने बसतो ते रविवार मिळालेला असतो म्हणून. ज्यांची रविवारीच ड्युटी असते त्यांनी दुसरा वार ठरवावा, पण ठरवावा.

पाचवी पायरी: एक वाचक शोधा

मंडळीत वाचक पुष्कळ मिळतात, टीकाकार मिळत नाहीत. उपासनेनंतर तुम्ही कविता वाचलीत तर टाळ्या होणार, पाळकसाहेब पाठ थोपटणार, कुणीतरी "देवानं दान दिलंय हो तुम्हाला" म्हणणार. हे प्रेम खरं असतं. पण त्याने तिसरं कडवं सैल झालंय हे कळत नाही. वर्षभर नुसतं कौतुक ऐकलेला माणूस पहिल्या खऱ्या टीकेला कोसळतो, आणि लिहिणं सोडणाऱ्यांत अशांचा भरणा मोठा आहे.

म्हणून एकच माणूस शोधा, जो वाचतो. तो ख्रिस्ती असलाच पाहिजे असं नाही. शाळेतल्या मराठीच्या बाईंना या कामात तोड नाही. त्यांना "कसं वाटलं?" असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर "छान" हेच असतं. विचारायचं ते असं: वाचताना कुठे थांबलात? कोणती ओळ दोनदा वाचावी लागली? काय काढलं तर चालेल? आणि उत्तर आलं की समजावून सांगत बसू नका. लिहून घ्या, घरी या, दोन दिवस राग येऊ द्या, मग बदला.

कुणासाठी लिहायचं हे नक्की असलं तर ओढ फार काळ टिकते, याचं आपल्याकडचं सगळ्यात जुनं उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचं आहे. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. गोव्यातल्या साष्टी भागातल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्या जागी त्यांच्या भाषेत ऐकायला काही नव्हतं. ती गरज समोर बसलेली होती. परक्या भाषेत 'ख्रिस्तपुराणा'च्या जवळजवळ अकरा हजार ओव्या रचायला लागणारा धीर मला वाटतं त्या समोरच्या माणसांमुळे आला. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून १६१६ मध्ये राशोलला ते पुराण रोमन अक्षरांत छापलं गेलं. हवी ती लिपी नाही म्हणून काम अडलं नाही. (आपल्याला युनिकोडचा फाँट बिघडला तरी पंधरा दिवसांचं निमित्त मिळतं.)

तुमचा समोर बसलेला वाचक कोण? संडे स्कूलची मुलं, महिला मंडळातल्या बायका, परदेशी गेलेला आणि मराठी विसरत चाललेला पुतण्या. एक चेहरा ठरवा.

सहावी पायरी: कोरडे दिवस

ते येणारच. आधी ते कसले आहेत ते ओळखा, कारण सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

पहिला प्रकार निव्वळ थकव्याचा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला प्रवचन देत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवतो, आणि ऊठ, खा म्हणतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा उठवला जातो, पुन्हा खातो. देवाशी बोलणं होतं ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, होरेब डोंगरावर. 'पहिले राजे' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातला हा क्रम लिहिणाऱ्याने पाठ करावा: झोप, जेवण, मग प्रश्न. रात्रपाळी करून आलेल्याने त्या आठवड्यात लिहिलं नाही तर त्याची श्रद्धा कमी पडली असं कुणी म्हणू नये, त्यानेही म्हणू नये.

दुसरा प्रकार: शरीर ठीक आहे, पण देवाशीच काही बिनसलंय. प्रार्थना भिंतीला लागून परत येते. तेव्हा तेच लिहा. स्तोत्रसंहितेतल्या कितीतरी रचना तक्रारीच्या आहेत; तेरावं स्तोत्र तर "कोठवर?" हा एकच प्रश्न लागोपाठ विचारत सुरू होतं. आपल्या मंडळ्यांत साक्ष देताना शेवट गोड करायची पद्धत आहे, म्हणून वहीतही आपण घाईने गोड शेवट करतो. करू नका. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं आणि तरीही ते शास्त्रात आहे.

तिसरा प्रकार वेगळा आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली किंवा नुसती झोपच येते, जेवण जात नाही, आवडत्या कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, तर तो लेखनाचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांकडे जा. पाळकांना, फादरना सांगा, त्यांना प्रार्थना करू द्या, आणि तरीही डॉक्टरांकडे जा. एकामुळे दुसऱ्याची गरज संपत नाही.

सातवी पायरी: परत आलेलं लेखन

यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायाइतकं लिहिणाऱ्याच्या कामाचं दुसरं काही मला शास्त्रात सापडलेलं नाही. यिर्मया सांगतो, बारूख शाईने गुंडाळीवर लिहून घेतो. ती राजा यहोयाकीमपुढे वाचली जाते. नववा महिना, हिवाळ्याचा वाडा, समोर शेगडी. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्याच चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो, सगळी गुंडाळी संपेपर्यंत. पुढे काय होतं? यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो, बारूख सगळं पुन्हा लिहितो, आणि शेवटच्या वचनात सांगितलंय की तशाच आणखी पुष्कळ गोष्टींची त्यात भर पडली.

संपादकाने परत पाठवलेल्या कथेचं असंच करायचं. आठवडाभर ठेवून द्या. मग जुनी प्रत न बघता पुन्हा लिहा. जे आठवलं नाही ते बहुधा गरजेचं नव्हतं, आणि जी भर पडेल ती पहिल्या खेपेला सुचलेली नव्हती. त्यानंतर दुसरीकडे पाठवा.

पाठवायचं कुठे, याची सुरुवात घरापासून करा: चर्चचं वार्षिक, धर्मग्रामाची पत्रिका, मग ख्रिस्ती मासिकं. मराठी ख्रिस्ती नियतकालिकांची परंपरा लांबलचक आहे. ज्ञानोदय १८४२ मध्ये सुरू झालं. पण तिथेच थांबू नका. दिवाळी अंकांना लिहा, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना लिहा. आपल्याच लोकांनी आपल्याच लोकांसाठी छापलेलं वाचून आपण जरा जास्त खूश होतो, असं माझं मत आहे. पैशांची अपेक्षा मात्र फारशी ठेवू नका. मराठीत मानधनावर घर चालवणारे लेखक थोडे, आणि तुम्ही नोकरी सांभाळून लिहिता यात कमीपणा काही नाही.

आठवी पायरी: रटाळ भाग

कलस्सैकरांच्या पत्रातलं एक वचन आवडीच्या कामाविषयी बोलताना हमखास पुढे येतं: जे काही कराल ते माणसांसाठी म्हणून नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. फलकांवर ते सूर्योदयाच्या चित्रावर छापलेलं असतं. मूळ जागी बघा, तिसऱ्या अध्यायाचं बाविसावं ते चोविसावं वचन. पत्र लिहिणारा प्रेषित पौल ते दासांना उद्देशून सांगतो आहे. ज्यांना काम निवडता येत नव्हतं, सोडता येत नव्हतं, अशांना. तेव्हा ते वचन सुचलेल्या ओळीच्या आनंदासाठी वापरण्यापेक्षा ऱ्हस्व-दीर्घ तपासताना वापरा. टंकलेखन, मुद्रितं वाचणं, संदर्भाचं वचन बरोबर आहे का ते उघडून बघणं, कुणाचं नाव चुकलं नाही ना ते बघणं, यासाठी.

या बाबतीत पंडिता रमाबाई डोळ्यांपुढे ठेवाव्यात. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती मिशनमध्ये शेकडो बायका-मुलींचा संसार चालवत असताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं आणि आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षं त्याला दिली. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्याच बायका शिकल्या. एकेक शब्द साध्या बाईला कळेल ना, हे पाहत बसणं रोज उत्साहाने होत असेल असं मला वाटत नाही. रोज होत होतं, एवढं खरं.

आठवड्यातली एक बैठक अशा कामाला राखून ठेवा, शक्यतो शनिवारी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुट्टी असते.

नववी पायरी: अपुरं राहील असं धरून चाला

रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये वारल्या. त्यांचं बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' सुरुवातीच्या दहाएक अध्यायांवर थांबलेलं होतं. पुढचे बहुतेक सगळे अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या, लग्नानंतर घरीच अक्षरं शिकल्या होत्या, आणि हे लिहीत असतानाच त्यांच्या गद्य आठवणीही लिहिल्या जात होत्या, ज्यांनी पुढे मराठी आत्मचरित्राचं मापच बदललं. टिळकांचे कागद घरात राहिले नसते, किंवा त्यांच्या लिहिण्यात बायकोला स्थान नसतं, तर हे झालं नसतं.

यातून घ्यायचं ते अगदी व्यवहारी आहे. प्रत्येक मजकुरावर तारीख घाला, वर्षासकट. फोनमध्ये लिहीत असाल तर महिन्यातून एकदा छापून घ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या ईमेलवर पाठवा. पुढे काय होणार आहे याचा कच्चा आराखडा शेवटच्या पानावर ठेवा, दुसऱ्याला लागेल अशा अक्षरात. घरातल्या एकाला तरी वह्या कुठे आहेत ते सांगून ठेवा. तुरुंगातून आपला सहकारी तीमथ्य याला लिहिताना पौल दोन गोष्टी मागवतो, त्रोवसला राहिलेला झगा आणि पुस्तकं, त्यातही चर्मपत्रं. आपले कागद कुणाकडे आहेत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते मागवता तरी आले.

घरात कुणाला लिहिण्यात रस नसेल तर संडे स्कूलमध्ये बघा. वर्गात मागच्या बाकावर बसून गोष्टीचा शेवट बदलून सांगणारं एखादं पोर असतं. त्याला तुमच्या वहीतला एक अर्धवट मजकूर द्या आणि पुढे काय होईल ते लिहून आणायला सांगा. दर महिन्याला एक, आणि आणलेलं खरंच वाचा.